गुळाची तुला

राजनंदिनी पारड्यात मांडी घालून बसली आणि हलली नाही. भैरवनाथाच्या देवळापुढे जमलेली भावकी आधी एकमेकांकडे बघायला लागली, मग तिच्याकडे. गेल्या जत्रेत पुजाऱ्याचं उपरणं ओढून पालखीखालून पळालेली नंदू ती हीच का, असा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता.

"बघा, कशी शान्यावानी बसलीय," बनुबाईने पदराने डोळे पुसले. नात शांत झाली की तिच्या भारंभार गूळ वाहीन, असा नवस तिनेच बोलला होता. सुप्याच्या सूर्यभान आडत्याने धान्याचा मोठा तराजू आणून लिंबाच्या फांदीला टांगला होता. आता तो दुसऱ्या पारड्यात गुळाच्या किलोकिलोच्या ढेपी रचत होता.

नंदूची आई ज्ञानेश्वरी तेवढी हसत नव्हती. महिन्यापूर्वी नगरच्या डॉक्टरांनी नंदूला तपासलं, तिचं वजन घेतलं आणि त्या बेताने औषध सुरू केलं. पोरगी वांड नाही, तिला एडीएचडी नावाचा त्रास आहे, हे ज्ञानेश्वरीला तिथे पहिल्यांदा कळलं. कॅप्सूल फोडायची नाही, दुधात कालवायची नाही, अख्खी गिळायची. एखाद दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. आपल्या मनाने बंद करायची नाही. एकूण एक गोष्ट तिने पाळली होती.

फक्त एक राहिली होती. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "गुण यायला काही आठवडे लागतील. पण मधेच ती गप्प गप्प झाली, खाणं सुटलं, उदास दिसली, तर तिच्याशी सरळ बोला. आणि वाट बघत बसू नका, मला फोन करा."

घोळ इथेच झाला. गप्प व्हावी म्हणून तर सगळ्या घराने देव पाण्यात घातले होते. आणि नंदू गप्प झाली होती. पत्र्यावर चढत नव्हती, शेळी सोडत नव्हती, शाळेतून तक्रार येत नव्हती. ज्ञानेश्वरीने फोन हातात घेतला की तिचा नवरा सहादेव वैतागायचा. "आता कुठं घरात शांतता हाय, तर तुला घोर लागला. दृष्ट नको लावू पोरीला." तीही फोन खाली ठेवायची. पोरगी त्रास देत नाही हो, अशी तक्रार डॉक्टरकडे कोणत्या तोंडाने करायची?

सूर्यभानने शेवटची ढेप ठेवली. गुळाचं पारडं खाली गेलं आणि नंदू वर गेली.

"मावशे, गूळ जास्त झाला की!"

"कसा व्हईल? दवाखान्यात भरलेल्या वजनाइतकाच आणलाय," बनुबाई म्हणाली.

त्याने एक ढेप काढली. पारडं तसंच. दुसरी काढली. तिसरी काढल्यावर कुठे काटा मधोमध आला. "देवानं सूट दिली तुला," तो म्हणाला आणि सगळे हसले.

ज्ञानेश्वरीने मात्र काढून ठेवलेल्या तीन ढेपी मोजल्या; महिन्यात पोरगी एवढी उतरली होती. रोज ताटात राहिलेली भाकरी कोंबड्यांना टाकणारी तीच होती. उन्हामुळे भूक मेली असेल, असं स्वतःला समजावणारीही तीच. ती माणसांतून वाट काढत पुढे गेली आणि तिने पारडं धरलं.

"नंदू, खरं सांग. तुझ्या मनात काय येतं?"

नंदूने सगळ्यांकडे पाहिलं. आजीच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आई, मी गप बसले तर सगळे किती खूश हायेत. मी नसलेच, तर अजून खूश ऱ्हातील ना?"

हसणं तिथल्या तिथे थांबलं. ज्ञानेश्वरीने लेकीला उचलून छातीशी घेतलं. गुळाचं पारडं धाडकन जमिनीवर आदळलं आणि ढेपी धुळीत गडगडल्या. तिकडे कोणी पाहिलं नाही. तिने डॉक्टरांना फोन लावला.

"बरं केलंत फोन केलात," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच घेऊन या. तिला क्षणभरही एकटं सोडू नका, आणि औषधाचं पाकीट बरोबर आणा. पुढची कॅप्सूल द्यायची की नाही, ते मी तिला बघून सांगतो. घाबरू नका, यातून मार्ग निघतो."

दृष्ट नको लावू म्हणणारा सहादेव तोवर गाडी आणायला धावला होता. गाडी आली तशी बनुबाई सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसली. तिने नंदूला मांडीवर ओढून घेतलं आणि तिची हाडं हाताला लागली तशी ती रडायला लागली. "माझी बाय गं, मला कसं दिसलं न्हाई," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

सूर्यभान ढेपी गोळा करून गाडीच्या खिडकीशी आला. "मावशे, देवापुढचा नवस अर्धाच ऱ्हायला. ह्या गुळाचं काय करू?"

"झाकून ठेव," बनुबाई म्हणाली. "पोरगी पारड्यात बसंना, उडी मारून पळाया लागली, की मग तोलू."