शुक्रावरून निरोप येईपर्यंत

पोह्यांची बशी श्रीकृष्णरावांपुढे ठेवून सुलोचनाबाईंनी शेवेचा डबा त्यांच्याकडे सरकवला आणि स्वतः कोरडे पोहे घेऊन बसल्या. इंदूरमध्ये शेवेवाचून पोहे खाणाऱ्याला लोक तब्येत विचारतात.

"तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "नवस माझा आहे."

श्रीकृष्णरावांनी डब्याला हात लावला नाही. गेले पाच महिने लावला नव्हता.

नवस देवदत्तसाठी होता. त्यांचा हा एकुलता एक मुलगा विजय नगरातल्या एका छोट्या कंपनीत होता, आणि त्यानं तिथे बनवलेलं काडेपेटीएवढं दाबमापक एका परदेशी यानात बसून शुक्रावर गेलं होतं. शिसं वितळेल इतकी उष्णता, आम्लाचे ढग आणि आपल्या हवेच्या नव्वदपट दाब. मिलच्या बॉयलरवर तीस वर्षं काढलेल्या श्रीकृष्णरावांना हा शेजार लगेच समजला. सुलोचनाबाईंनी एवढंच विचारलं, की तिथे पाठवण्याइतकं त्या बिचाऱ्यानं केलं तरी काय? मग यान उतरायच्या आठवड्यात, त्याचा निरोप येईपर्यंत म्हणून त्यांनी शेव सोडली. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरपायी तीन वर्षं कानीकपाळी ओरडून जी सुटली नव्हती, ती एका दिवसात सुटली. डॉक्टरांनी हे मनाला लावून घेतलं म्हणतात.

यान उतरलं, पेपरात फोटो आला. दोन तास चाललं आणि ठरल्याप्रमाणे विझलं. देवदत्त मात्र मान खाली घालूनच घरी आला. म्हणाला, दोन तासांची सगळी माहिती वर फिरणाऱ्या दुसऱ्या यानात साठवलीय, ती हळूहळू खाली येतेय. मोठ्या देशांची यंत्रं आधी, आपला नंबर नंतर. श्रीकृष्णरावांनी पेन्शनचं ऑफिस पाहिलेलं होतं. त्यांना यात काहीच खटकलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एकच क्रम. देवदत्त यायचा, बूट काढायचा, आईच्या दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर मोजायचा आणि डायरीत लिहायचा. पोराला मन गुंतवायला काहीतरी हवं, म्हणून श्रीकृष्णराव गप्प राहायचे. डायरी मिटली की सुलोचनाबाई विचारायच्या, "बोललं का रे?"

"नाही आई. अजून नाही."

"दोन तासांत काहीतरी बोललंच असेल बापडं. कुणी ऐकलं नसेल."

यावर देवदत्त आईकडे बघत नसे. परवा शेजारच्या मनोरमाबाईंनी शेव भुरभुरलेल्या कचोऱ्या पाठवल्या. सुलोचनाबाई कचोरीवरची एकेक शेव बोटांनी वेचून बाजूला काढू लागल्या, तेव्हा तो पानावरून उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

श्रीकृष्णराव काय समजायचं ते समजले. मापक बंद पडलंय आणि पोराची नोकरी जाणार. बॉयलरच्या गेजचा काटा अडकला तर बोटानं टिचकी मारून सुटायचा. शुक्रावर टिचकी मारायला कोण जाणार?

सोमवारी कुणाला न सांगता त्यांनी विजय नगरची सिटी बस धरली. साहेबांना काय सांगायचं ते वाटेत घोकून ठेवलं. मुलगा कामाचा आहे, यंत्र चुकतं, यंत्रापायी माणूस काढू नका.

साहेब मीटिंगमध्ये होते. रिसेप्शनवरच्या खुशीनं देवदत्तसरांचे वडील म्हटल्यावर वाकून नमस्कार केला, पाणी दिलं. मापकाचा निरोप अजून आला नाही, त्याबद्दल बोलायचंय, असं त्यांनी हळूच सांगितलं.

"अंकलजी, वो तो पहले ही दिन आ गया था," खुशी म्हणाली. "सबसे पहले हमारा ही आया."

तिनं भिंतीकडे हात केला. फ्रेममध्ये गळ्यात हार घातलेला देवदत्त केक कापत होता. खाली तारीख होती, पाच महिन्यांपूर्वीची.

श्रीकृष्णराव फोटोपुढे उभे राहिले. मग साहेबांना न भेटताच निघाले.

घरी सुलोचनाबाई मेथी निवडत होत्या. टेबलावर देवदत्तची डायरी होती. श्रीकृष्णरावांनी पहिलं पान काढलं. वरचा आकडा एकशे ब्याऐंशी. मग कालचं. एकशे अठ्ठावीस.

"कुठे गेला होता हो?"

"देवूच्या ऑफिसात."

सुलोचनाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मग? बोललं का?"

श्रीकृष्णरावांनी डायरी मिटली.

"नाही गं," ते म्हणाले. "आपल्यापुढे अजून बरीच लाईन आहे."