शेजारचे पाच राजे

नोकरीसाठी आंबागडहून पुण्याला निघताना प्रतीक्षा आईला थट्टेनं म्हणाली होती, “माय, माह्यं कॉम्प्युटरवरचं राज्य सांभाळजो.” पाळीपाळीनं खेळायच्या त्या लढाईत कॉम्प्युटरच्या पाच राजांपुढं तिचाच कधी टिकाव लागला नव्हता. दिवाळीला घरी येऊन तिनं खेळ उघडला. गावाचंच नाव दिलेल्या तिच्या राजधानीभोवती पाचही राजांच्या फौजा उभ्या होत्या. “गेलं ना राज्य!” “काहून जाईन?” सुपात तांदूळ पाखडत आई म्हणाली. “रोज एक पाळी खेळली मी. पीक निघालं का पाचही शेजाऱ्यायले नवं धान धाडत गेली.” “शेजारी नाही, दुश्मन आहेत ते!” “असतीन. धान तं कोणी वापस नाही केलं.” प्रतीक्षानं एकेका फौजेवर माउस नेला. सगळीकडे ‘मित्र’ उमटलं. “तू नव्हती ना घरी,” आई म्हणाली, “म्हणून त्यायले राखणीले बोलावलं.”