अरिसेलूचा डबा

तेनालीतल्या आमच्या गल्लीत कुणाचं बाळ काय शिकलं, हे जिभेला आधी कळतं. पालथं पडलं की घरोघर पुरणपोळ्या, रांगायला लागलं की तळलेले गुळाचे गोळे, पहिलं पाऊल टाकलं की अनारशासारखे अरिसेलू.

समोरच्या रत्तम्माच्या नातवाचा एकही डबा चुकला नाही. अरिसेलू तर दहाव्या महिन्यातच आले. "चिन्ना नुसता धावतो गं! दृष्ट लागेल म्हणून बाहेर काढत नाही," रत्तम्मा म्हणाली. मागे तिची सून हैमवती खाली मान घालून उभी होती.

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना हैमवती सासूच्या, तिच्या अत्तय्यांच्या, चोरून बाळाला घेऊन माझ्याकडे आली. "अक्का, हा अजून बसतही नाही. अत्तय्या म्हणतात, गल्लीत कळलं तर नाक कापलं जाईल."

मी तशीच दोघांना दवाखान्यात घेऊन गेले. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "पालथा पडत नव्हता तेव्हाच आणला असता, तर थायरॉईडच्या रोजच्या एका गोळीवर निभावलं असतं. आता फार उशीर झालाय."

रत्तम्माला मी मनातल्या मनात लाखोली वाहिली. खोट्या मानापायी पोराचं वाटोळं केलं मेलीनं!

डॉक्टरांनी बाळाचं अंगणवाडीचं कार्ड उघडलं. पालथा पडला, बसला, रांगला, चालला, सगळ्यांपुढे खुणा होत्या. "कोण ही सेविका? बाळ न बघताच खुणा करते?"



दर वेळी रत्तम्माचा डबा धुऊन परत करायच्या आधी ती खूण मीच करत होते.