कदर करणारं गिऱ्हाईक

"रोज वाजवणार का?" तिनं विचारलं.

"रोज म्हणजे काय! सकाळी उठल्या उठल्या, आणि संध्याकाळी शिकवण्या संपल्या की पुन्हा." संगीतशिक्षकानं गिटार मांडीवर घेतली होती आणि खाली ठेवायचं नाव काढत नव्हता. आधी त्यानं लाकडाचा वास घेतला. मग भोकात डोकावला. मग पाठीवर टिचकी मारून कान लावला, बाजारात कलिंगड घेतात तसा.

मग त्यानं तारा छेडल्या.

आतल्या खोलीतून तिची मुलगी उठली, न्हाणीघरात गेली आणि नळ पूर्ण सोडला.

"बापाची आठवण आली पोरीला," शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या. गिटार विकायची हे कळल्यापासून गिऱ्हाईक आलं की काकू हजर. "काय वाजवायचे गं तुझे यजमान! माझा पलंग या भिंतीपलीकडेच. एवढा हळवा माणूस पाहिला नाही बाई."

"नाही जमणार," ती शिक्षकाला म्हणाली.

"अहो, तुम्ही सांगाल ती किंमत देतो."

"किमतीचं नाही. तुमच्या हातात नाही द्यायची."

तिनं डाव्या हातानं गिटार उचलून पेटीत ठेवली. उजवं मनगट कधीकाळी मोडून वाकडंच जुळलं होतं. शिलाई मशीनवर कापडसुद्धा ती डाव्या हातानंच सरकवायची.

नवऱ्यानं इस्पितळात शेवटी एवढंच मागितलं होतं. मोडायची नाही, जाळायची नाही, कदर करणाऱ्याच्याच घरात द्यायची. तिनं हो म्हटलं होतं. एकदा शब्द दिला की ती मागं फिरणारी नव्हती. सगळी गल्ली तिला हट्टी म्हणायची, ते काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदार तापलाच होता.

"ताई, एकापेक्षा एक वाजवणारे पाठवले. सगळे परत! गिटारचं स्वयंवर मांडलंय का?"

"तुमच्याकडं गिऱ्हाईक कसकसं येतं ते सांगा मला."

"दोन तऱ्हा." त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "अकूस्टिकवाला, म्हणजे साधी, बिनविजेची गिटार घेणारा, स्थळ बघायला आल्यासारखा येतो. चार फेऱ्या मारेल, खोड काढेल, घासाघीस करेल. पण एकदा घरी नेली की संपलं. मरेपर्यंत तीच. मग तोंड दाखवणार ते तारा तुटल्यावर. असल्यांवर दुकान चालतं होय?"

"मरेपर्यंत सोडत नाहीत, ते माहितीये मला. दुसरी तऱ्हा?"

"इलेक्ट्रिकवाला! देवमाणूस! आधी रंग बघतो, मग गळ्यात अडकवून आरशात बघतो. आज गिटार, उद्या पेडल, परवा ॲम्प्लिफायर. घरात दहा असल्या तरी अकरावीवर डोळा. निम्म्यांच्या तारा गंजलेल्या. त्याला वाजवण्यापेक्षा घेण्यातच गंमत."

"असला माणूस आमची अकूस्टिक घेईल?"

"जुनी आहे, हातानं घडवलेली आहे. झडप घालेल. पण ताई, त्याला देऊ नका. मुकी होईल बिचारी तिथं."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "एक पाठवून द्या."

आलेला माणूस खुर्चीत बसलासुद्धा नाही. पेटी उघडल्यावर त्यानं आधी फोटो काढले. आतला कारागिराचा शिक्का बॅटरी लावून वाचला आणि लॉटरी लागल्यासारखा हसला.

"वाजवून नाही बघणार?" तिनं विचारलं.

"वाजवायला घरात ढीग पडलाय. ही काचेच्या कपाटात जाणार. तारा काढून. ताणानं लाकूड वाकतं ना."

"आणि पाहुणे आले, कुणी हट्ट धरला तर?"

"हात तोडीन त्याचा!"

"तुम्ही स्वतः?"

"मी? हिला? वेड लागलंय का मला?"

"शब्द द्या."

तो हसायला लागला. तिचा चेहरा बघून थांबला. "दिला."

"मग तारा इथंच काढा."

एकेक खुंटी सैल होत गेली. तारा कण्हल्यासारख्या उतरत गेल्या आणि गप्प झाल्या. या वेळी नळ सुटला नाही. मुलगी आतल्या दारात उभी राहून शेवटची तार निघेपर्यंत बघत होती.

पेटी घेऊन तो जिना उतरला तशी काकूंच्या तोंडाला धार आली.

"दगडाचं काळीज गं तुझं! त्या मास्तरानं जीव ओतून वाजवली असती. नवऱ्याची एवढी एक खूण, ती काचेत पुरलीस! तुझे यजमान गेल्यापासून माझ्या संध्याकाळी कशा जातात, मला विचार! रोज भिंतीला कान लावून बसायची मी."

तिनं तारांचं भेंडोळं वाकड्या हातानं कचऱ्याच्या डब्यात दाबलं. झाकण लावलं.

"रोज, काकू?"

"रोज! पहिल्या सुरापासून. एक दिवस चुकवला नाही."

"मग तो वाजवायला बसायच्या आधी मी किंचाळायचे, ते कधी ऐकू आलं नाही?"