एकच काडी

"कोनं आनलं असन हे गावात?" मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष श्रीहरी तलावकाठच्या बेशरमाच्या झुडपांवर कुऱ्हाड घालत ओरडला. "सापडला तं त्याले याच चिखलात गाडतो!"

सगळे हसले. बायनाबाईच्या हातातली कुदळ तेवढी थांबली. शेजारी तिचा नवरा वारलू मुळं ओढत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पुरात वाहून आलं असन, भाऊ. कोन आनते असलं?"

एकोणीस वर्षांत त्यानं ही गोष्ट कुठे बोलून दाखवली नव्हती. आजही नाही.

बेशरम बायनाबाईनंच आणलं होतं. चार महिन्यांची लेक चंदा तापानं गेली तेव्हा. लहान लेकराला आग देत नाहीत, माती देतात. तलावाच्या कोपऱ्यात, पाणी चढत नाही अशा जागी वारलूनं खड्डा केला आणि वर घरातला फुटका पाटा ठेवला. पण कोल्ह्यांची भीती होती, शेळ्या येऊन तिथंच उभ्या राहायच्या, आणि बायनाबाईच्या डोळ्याला डोळा लागेना. तेव्हा चिमूरकडच्या बहिणीनं आपल्या कुंपणातली एक काडी मोडून दिली. "खोवली का जगते. ढोर तोंड लावत नाई," ती म्हणाली. काडी जगली. वर्षभरात पाट्याभोवती दाट जाळी झाली, तिला गुलाबी फुलं आली. लेक आता एकटी नाही, असं आईला वाटलं. खोटं कशाला बोला, ते झुडूप तिला लेकीसारखंच लाडकं झालं.

दर अक्षय तृतीयेला ती जाळीच्या कडेला घास ठेवी आणि वाढलेल्या फांद्या छाटी. लेकीच्या मातीवर उगवलेलं कोणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून छाटलेली प्रत्येक फांदी हात जोडून तलावात सोडी.

आता तलाव राहिला होता कुठे! पूर्वी काठाच्या उथळ पाण्यात देवधान उगवायचं. त्या गवतात मासोळी अंडी घालायची, पाणकोंबड्या पिलं काढायच्या. बेशरम दाटलं तसं त्याच्या सावलीत गवत मेलं, काठाला गाळ धरला, आणि मासोळीला अंडी घालायला जागा उरली नाही. पोंभुर्ण्याच्या बाजारात टोपलीभर मरळ आणि शिंगूर नेणारी बायनाबाई मूठभर झिंगे घेऊन बसू लागली. वारलूनं जाळं खुंटीला टांगलं आणि तो बांबू तोडायला जाऊ लागला. म्हणून तर सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, तलावाचं डबकं झाल्यावर, ढिवरांची चाळीस घरं कुदळी-कुऱ्हाडी घेऊन काठावर उतरली होती.

"बायनाबाई, पान्यात नोका टाकू ते!"

श्रीहरीनं तिचा हात धरला. सवयीनं तिनं हातातली फांदी पाण्याकडे उचलली होती.

"फांदी वाहत जाते, अन् जिथी लागते तिथी मूळ धरते," तो म्हणाला. "असंच तं पसरलं हे साऱ्या तलावात. जाळून टाका सारं."

बायनाबाईनं फांदी जाळायच्या ढिगात टाकली. काडी आपण आणली हे तिला ठाऊक होतं. एका काडीनं अख्खा तलाव कसा गिळला, हे आज कळलं. एकोणीस वर्षं, दरवर्षी, हात जोडून.

आठव्या दिवशी माणसं त्या कोपऱ्यात पोचली. लेकीची जागा आपल्याला डोळे मिटून सापडेल, असं तिला वाटत होतं. पण तिथं शंभर बुंधे होते आणि सगळे सारखे. पाटा कुठे दिसेना, पावसाबरोबर आलेल्या मातीनं तो कधीच झाकला होता. कुऱ्हाडी चालल्या. इथं जरा जपून, एवढं तरी सांगावं असं तिच्या फार मनात आलं. पण कोणत्या तोंडानं सांगणार? पोरी हसतखेळत मोळ्या ओढत होत्या, त्यांच्याबरोबर तीही ओढू लागली. संध्याकाळपर्यंत सगळ्याची राख झाली आणि लेकीची खूण कायमची गेली.

पोळा झाल्यावर नवरा-बायको काठानं फिरून नवे कोंब उपटत होती. कोपऱ्यात वीतभर एक कोंब दिसला. मूळ काढायला बायनाबाईनं कुदळ घातली आणि ती दगडावर वाजली. वारलूनं गुडघे टेकून हातानं माती सारली. टाकीचे घाव दिसले. पाटाच होता. कोंबाचं मूळ त्याच्याखाली गेलं होतं.

चंदा जगती तर यंदा तिचं लगीन लागलं असतं.

"राहू दे," वारलू म्हणाला. "एकच तं आहे."

बायनाबाईनं तलावाकडे पाहिलं. साफ केलेल्या काठाला, पाण्यातून देवधानाची चार-दोन विरळ पाती वर आली होती. किती वर्षांनी.

"तवाही एकच होतं," ती म्हणाली.

वारलूनं पाटा उचलून धरला. तिनं दोन्ही हातांनी, माती न विस्कटता, मूळ हळूहळू ओढून घेतलं. पुन्हा माती सारखी केली. पाटा होता तसा ठेवला. मग पाण्याकडे न बघता मूळ आणि कोंब पदरात बांधले, घरी आणले, चुलीत घातले, आणि राख होईपर्यंत ती चुलीसमोरून उठली नाही.

लहान लेकराला आग देत नाहीत. बायनाबाईनं त्या दिवशी दिली.