शिलाईची यादी

समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली रेणू एका ग्रामविकास संस्थेत इंटर्नशिप करत होती. सानगडीजवळच्या एका गावात शिलाई प्रशिक्षणासाठी मुलींची नावं आणि फोटो गोळा करायचे, एवढंच तिचं काम. दुपारपर्यंत अकरा मुली झाल्या. पुढच्या घरी सुलोचनाबाईंनी मात्र तिला पाहताच आपल्या धाकट्या मुलीला आत पाठवलं.

"मागच्या सालीबी तुह्यासारखीच कॉलेजची पोट्टी यादी घेऊन आली होती, बाई. माही मोठी, गुड्डी, शिलाई शिकाले नागपूरले गेली. महिनाभर फोन आले. मंग बंदच झाले."

"संस्थेत विचारलं नाही?"

"इचारलं. अशी कोणी पोरगी आलीच नाही म्हणतेत."

रेणूनं तिथूनच संस्थेच्या प्रफुल्ल सरांना फोन लावला. गुड्डीचं नाव ऐकताच सरांनी तिला मध्येच थांबवलं.

"कोणाच्या घरी आहेस?"

तिनं सांगितलं.

"हे अजून कोणाशी बोललीस? घरी, कॉलेजात?"

"नाही सर."

"छान. तिथंच थांब. मी गाडी पाठवतो."

रेणूनं फोन बंद केला आणि यादी ओढणीखाली घेतली.

"मावशी," ती हळू आवाजात म्हणाली, "घराला मागून दार आहे का?"