धुराचा आकडा

तिसऱ्या ठोशाला म्हाताऱ्याचा चष्मा फुटला आणि काचेचा तुकडा त्याच्याच गालात रुतला. मुकादमाने तिकडे बघितलंसुद्धा नाही. कॉलर धरून त्याने म्हाताऱ्याला पुन्हा खुर्चीत बसवलं आणि कागद पुढे सरकवला.

"आकडा कमी कर."

म्हातारा नुसता खोकला. मजूर त्याला धूरमाप्या म्हणत. इमारत बांधताना सिमेंट किती लागलं, लोखंड किती, डिझेल किती जळलं हे सगळं मोजायचं आणि त्यापायी हवेत किती धूर गेला त्याचा एक आकडा काढायचा, हे त्याचं काम. त्याची सही झाली की बांधकामाला हिरवा दाखला मिळे. सही अडली की सगळंच अडे. दिसायला काडीपैलवान, पण हट्टाला पेटला की ऐकेल तर शपथ. महिनाभर तो साइटवर उकिरडे फुंकत हिंडला होता. सिमेंटच्या बिलांकडे तो ढुंकूनही बघत नसे. "बिल खोटं बोलतं, रिकामी गोणी नाही बोलत," असं म्हणे आणि गोण्यांच्या ढिगात शिरून एकेक मोजत बसे. मजुरांची हसून हसून पुरेवाट होई.

मुकादमाला आज हसू येत नव्हतं. सकाळी शेठने त्याला केबिनमध्ये बोलावून एवढंच सांगितलं होतं, "म्हाताऱ्याचा आकडा बसत नाहीये. दुपारपर्यंत नीट करून आण." नीट म्हणजे काय, हे मुकादमाला शिकवायची गरज नव्हती. आधीच्या तीन इमारतींवर त्याने असे तीन मोजणारे सरळ केले होते. आकडा नेहमी फुगलेला असतो आणि तो खाली आणायचा असतो. आपल्या नावावर जास्तीचा धूर कोण शहाणा लावून घेईल?

शिवाय या वेळी त्याचं स्वतःचं घोडं त्या सहीपाशी अडलं होतं. दाखला आला की सहाव्या मजल्यावरचं घर तुझ्या नावावर, असा शेठचा शब्द होता. पत्र्याच्या खोपटात पंधरा वर्षं काढलेल्या बायकोला धीर धरवला नाही. दोन्ही पोरींना घेऊन ती गेल्याच आठवड्यात तिथे राहायला गेली होती. आता या मरतुकड्याच्या एका आकड्यापायी तिला परत खोपटात न्यायचं? मुकादमाचं डोकं फिरलं. त्याने म्हाताऱ्याचा डावा पंजा टेबलावर दाबला. उजवा सहीला लागणार होता. करंगळी धरली आणि मागे वाकवली. कडकन आवाज झाला.

म्हातारा किंचाळला. मग चक्क हसला. त्याचे दात रक्ताने माखले होते.

"अजून कमी? अरे, तुझ्या शेठला तो वाढवून हवाय!"

"वेड लागलं का तुला?"

"सिमेंट जितकं जास्त, तितका धूर जास्त. इथं धूरच कमी भरतोय, मुकादम. कागदावर दहा मजल्यांचं सिमेंट आहे. उभेही दहाच आहेत, पण गोण्या मोजल्या तर सहा मजल्यांच्या. शेठ म्हणतो, कागदाएवढा धूर लिही. मी नाही लिहिणार."

मुकादमाने त्याच्या मुस्काटात मारली. म्हातारा खुर्चीसकट आडवा झाला. त्याच्या बरगडीत एक लाथ बसली, मग दुसरी. मार बसला की माणसं वाट्टेल ते बरळतात, मुकादमाला ठाऊक होतं. तिसऱ्या लाथेसाठी पाय उचलला तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शेठचा होता.

"झालं का रे?"

"होतच आलंय, शेठ."

"वाढवला ना त्याने? बिलात आहे तेवढा करून घे. एक गोणीसुद्धा कमी नको."

मुकादमाचा पाय खाली आला. फोन बंद झाला तरी तो कानालाच लावून उभा राहिला. फाटकापर्यंत येऊन तशाच परत गेलेल्या सिमेंटच्या गाड्या त्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागल्या. शेठच्या दुसऱ्या साइटकडे त्या त्यानेच वळवल्या होत्या. एकदोन नव्हे, चौतीस. उसने देतोय, परत येतील, असं शेठ म्हणाला होता. परत आल्या का, हे मुकादमाने कधी विचारलं नव्हतं.

तो म्हाताऱ्याजवळ गुडघ्यांवर बसला.

"साहेब," त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, "पडेल का हो?"

म्हाताऱ्याला श्वास लागला होता. "ते मला सांगता येत नाही. पण गोण्या मोजल्यापासून मी त्या जिन्यावर पाय ठेवलेला नाही."

मुकादमाने घाईने फोन लावला. बायकोचा नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"बरं झालं फोन केलात!" बायको आनंदात होती. "कपड्यांच्या दोरीसाठी खांबात खिळे ठोकतेय. सिमेंटात खिळा वाकतो म्हणत होतात ना? अहो, लोण्यात गेल्यासारखा जातोय! एक तर सबंध आत गेला. तुमच्यापेक्षा माझ्याच हातात जोर आहे बघा. थांबा हं, दुसरा ठोकते..."

"हातोडी टाक! पोरींना घे आणि खाली ये!" मुकादम रडत ओरडला. "मारू नकोस गं. तुझ्या पाया पडतो, मारू नकोस!"